दहावीची रिव्हिजन नेमकी कशी करायची? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-४०३: नमस्कार सगळ्यांना 🙏 विचारू का नको असं चाललं होतं पण विचारतेच. मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. पहाटे उठून बसतो, विज्ञान भाग १ दोनदा वाचून झालंय, पानापानावर हायलायटर मारलाय, आणि प्रिलिमला ४० पैकी १९. म्हणतो आई मला सगळं येत होतं पण पेपर समोर आल्यावर आठवलंच नाही. मोबाईल पण आपणहून माझ्याकडे देऊन ठेवतो, म्हणजे अभ्यास करत नाही असं म्हणताच येत नाही. आता रिव्हिजन म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसवू का?

बी-२०१: वहिनी आमच्या भाच्याला क्रॅश कोर्स लावला होता, रोज चार तास शिकवायचे. चौकशी करून सांगू का?

ए-१०२: बी-२०१, थोडं थांबा. सी-४०३, आधी एक सांग, प्रिलिमची तपासलेली उत्तरपत्रिका घरी आहे का? आणि त्याने ती नीट बघितलीये का?

सी-४०३: आहे बाई, पण मार्क बघून त्याने दप्तरात टाकली ती टाकलीच.

ए-१०२: मग तिथूनच सुरुवात करा. अगं वाचताना ना सगळं ओळखीचं वाटतं, पान उघडलं की हे माहितीये, तेही माहितीये, आणि मुलं समजतात की आपल्याला येतंय. पण पेपरमधे पान समोर नसतं, तिथे आतून बाहेर काढायचं असतं, आणि त्याची सवय वाचून कधीच होत नाही. मी शाळेत भूमिती शिकवायचे तेव्हा दरवर्षी हेच बघायचे. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या, त्रिकोण एबीसीत बीसीला समांतर रेषा बाकीच्या दोन बाजूंना पी आणि क्यू इथे छेदते आणि त्यांना एकाच प्रमाणात विभागते ते. आकृती, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, मुलं घडाघडा म्हणून दाखवायची. पुस्तक मिटायला लावलं की रेख पीसी आणि रेख बीक्यू काढायच्या इथपर्यंत यायची, आणि मग मी विचारायचे की त्रिकोण पीक्यूबी आणि त्रिकोण पीक्यूसी यांचं क्षेत्रफळ समान का गं? की गप्प. पाया पीक्यू दोघांचा सामाईक, आणि पीक्यू बीसीला समांतर म्हणून उंची सारखी, एवढंच आहे ते. पण सगळं प्रमेय त्या एका ओळीवर उभं आहे आणि वाचताना नेमकी तीच ओळ डोळ्याखालून निसटते. कोऱ्या कागदावर लिहायला बसलं की तिथेच गाडी अडते, आणि अडली की कळतं काय येत नाही ते. ही अडण्याची जागा सापडणं म्हणजेच रिव्हिजन.

डी-५०४: बाई बरोबर बोलतायत. मी सायकॉलॉजी घेतलंय, आम्हाला हा प्रयोग शिकायला आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मधे अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणूनच वाचून उठल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरला जातं.

सी-४०३: अगदी हेच होतंय त्याचं. पण करायचं कसं ते सांगा ना, रोज रोज पेपर लिहायला कुठून आणणार वेळ?

ए-१०२: अख्खा पेपर रोज नकोच. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, आकृत्यांसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरायचं. दुसऱ्या दिवशी तो लाल भाग आधी, परत न बघता. मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. मधे दिवस जाऊ द्यायचे म्हणजे थोडं विसरायला होतं, आणि विसरलेलं ताण देऊन आठवलं की ते पक्कं बसतं. भूगोलात हे फार छान होतं. यंदा ब्राझील आणि भारत आहे ना, ब्राझीलचा कोरा नकाशा घ्यायचा आणि अमेझॉन नदी, पिको दी नेब्लीना शिखर, मॅनॉस शहर, उच्चभूमी सगळं मनाने भरायचं. नकाशातल्या चुका लगेच दिसतात आणि मुलांना कंटाळाही येत नाही.

बी-६०२: पण बाई भूगोल इतिहासात एवढा वेळ कशाला घालवायचा, बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ना आता, सामाजिक शास्त्रं सोडूनच देतात बरीच मुलं.

ए-१०२: नका हो असं मुलांसमोर बोलू. टक्केवारी पाच विषयांची धरतात हे खरं, पण पास तर सहाही विषयांत व्हावं लागतं. आणि कुणी सांगावं, गणितात हात आखडला तर हाच विषय वर काढतो. इतिहास ४०, भूगोल ४० आणि शाळेकडचे २०, हे मार्क कष्ट केले तर मिळणारे आहेत.

डी-५०४: काकू, गणितासाठी मी एक सांगते, मला याचा खूप फायदा झाला होता. सरावसंच एकापाठोपाठ एक सोडवत गेलं की सोपं वाटतं कारण त्या संचातली सगळी गणितं एकाच सूत्राची असतात. श्रेढीच्या संचात बसलोय म्हणजे श्रेढीचंच सूत्र लागणार, डोकं लावावंच लागत नाही. पेपरमधे कुठलं सूत्र ते कोणी सांगत नाही ना. म्हणून मी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह घ्यायचे, वर्गसमीकरणातलं एक, श्रेढीतलं एक, संभाव्यतेतलं एक, अर्थनियोजनातलं जीएसटीचं एक, अशी चिठ्ठ्या टाकून काढायचे. सुरुवातीला भरपूर चुकतं आणि फार चिडचिड होते पण त्याला सांगा सोडू नको, ते चुकणं कामाचं आहे.

सी-४०३: हे खरंच करून बघायला हवं. थँक्यू गं.

ए-३०३: माझी मुलगी पण दहावीलाच आहे. ती मोबाईलवर रिव्हिजनचे व्हिडिओ लावून बसते, एका तासात पूर्ण धडा वगैरे. ते बरे असतात का?

डी-५०४: समजलं नसेल तर एकदा बघायला चांगले आहेत काकू. पण पोळ्यांचा व्हिडिओ बघून पोळी गोल येत नाही तसंच आहे ते. व्हिडिओ पॉज करून पुढची स्टेप आधी वहीत लिहायची आणि मग बघायचं.

ए-१०२: आणि चुकांची एक वही करायला सांगा दोघांनाही. पातळ वही पुरते. त्यात प्रश्न पूर्ण उतरवायचा नाही, फक्त कुठे चुकलं आणि का चुकलं. भिंगाचं गणित बघा. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू २० सेमीवर. वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं असतं, ते घेतलं तर प्रतिमा २० सेमीवर येते. चिन्ह विसरलं की उत्तर ६.६७ येतं आणि मुलाला वाटतं आलं उत्तर, चला पुढे. सूत्र पाठ आहे, गुणाकार भागाकार बरोबर आहे, तरी मार्क गेले. अशा मुलाला तो धडा पुन्हा वाचायला लावून काय होणार? त्याने वहीत लिहायचं की सूत्रात किंमत घालण्याआधी चिन्हं लिहायची, बस. सी-४०३, तुझ्या मुलाचे २१ मार्क कुठे गेले ते याच पद्धतीने काढा. न आठवल्यामुळे किती, प्रश्न नीट न वाचल्यामुळे किती, वेळ न पुरल्यामुळे किती. माझा अनुभव असा की मुलं म्हणतात आठवलं नाही आणि उत्तरपत्रिका काही वेगळंच सांगते.

सी-४०३: बाई आत्ता काढून बघितली त्याच्यासोबत. शेवटचा प्रश्न कोराच आहे! आणि एका ठिकाणी कारणे लिहा असं होतं, याने व्याख्या लिहून ठेवलीये. दोन आकृत्यांना नावंच दिली नाहीत.

ए-१०२: बघ, म्हणजे वाचन कमी पडलं असं नाहीच. घड्याळ लावून लिहायचा सराव नाहीये त्याला. ४० मार्कांना दोन तास म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं, त्यातून शेवटी तपासायला पंधरा मिनिटं ठेवायची. बोर्ड २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, पण ती नाहीत असं समजूनच घरी सराव करायचा. आणि लेकराला रागावू नकोस, त्याने कष्ट मनापासून केलेत.

सी-४०३: नाही रागवत बाई. खरं सांगू का, त्यालाच हायसं वाटलंय, त्याला वाटत होतं आपलं डोकंच चालत नाही.

बी-२०१: मग क्लास नको म्हणता का बाई?

ए-१०२: क्लासला माझा विरोध नाही, पाया कच्चा असेल तर लावावा. पण आता दिवस थोडे राहिलेत आणि रोजचे चार तास ऐकण्यात गेले तर मुलाने स्वतः लिहायचं कधी? आणि झोपायचं कधी? आठ तास तरी झोप हवीच या वयात, रात्री जागून केलेलं सकाळी राहत नाही.

ए-३०३: बाई आमच्याकडे दोन खोल्या आणि लहान मुलगा, सलग दोन तास शांतता मिळणं अशक्य आहे हो.

बी-६०२: मी एक सुचवू का? सेक्रेटरी साहेब, खालचा हॉल रविवारी सकाळी मुलांना मिळेल का? दहावीची पाच-सहा तरी मुलं असतील आपल्याकडे. बोर्डासारखं ११ ते १ बसवू, मी सुपरव्हिजनला बसतो.

सेक्रेटरी: नक्की मिळेल, भाडं वगैरे काही नाही. फक्त २५ तारखेला बारशाचं बुकिंग आहे, तो रविवार सोडून. टेबलं वॉचमनकडून लावून घेतो. आणि सगळ्यांना विनंती, मार्चमधे पेपर संपेपर्यंत रात्री दहानंतर टेरेसवर स्पीकर नको.

ए-१०२: फार चांगलं केलंत. प्रश्नपत्रिका मी काढून देते, मागच्या वर्षांचे बोर्डाचे पेपर आहेत माझ्याकडे. पहिल्या रविवारी भूमिती. तपासून मीच देईन, पण मार्क ग्रुपवर टाकायचे नाहीत, ज्याचे त्याला. सोमवारी संध्याकाळी ज्यांना यायचंय त्यांनी पेपर आणि चुकांची वही घेऊन माझ्याकडे यावं.

डी-५०४: बाई मी पण येते, विज्ञानाचे पेपर मी तपासू शकेन.

सी-४०३: आमचा पहिला नंबर लिहा. पेपर विकत आणावे लागतील का काही?

ए-१०२: काही नको. कंपास, पट्टी, टोक काढलेली पेन्सिल, दोन पेनं आणि घड्याळ. मोबाईल घरी. दहा पन्नासला हॉलच्या दाराशी.