फ्यूज उलटा लावला तर अ‍ॅम्पचा आवाज बदलते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला, घरी बाबांच्या वेळचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे, त्याच्यावर रोज रात्री भजनं ऐकतो. मागच्या आठवड्यात त्याचा फ्यूज उडाला, काच आतून पार काळी झाली होती. मित्रानं नागपूरवरून ऑडिओवाला महागडा फ्यूज आणून देला, त्याच्यावर बाण आहे अन् म्हणे करंट जाते तिकडेच बाण पाहिजे, नाहीतर आवाज दबते. आता मले सांगा राजेहो, आपली लाईन 230 व्होल्ट एसी, 50 हर्ट्झ, म्हणजे करंट सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, मंग बाण कोणत्या बाजूनं धरायचा? तरी मी फिरवून पाहिला, तबला जरासा मोकळा वाटला खरा. पण काढता-घालता क्लिपवरचा हिरवा गंज घासला गेला, त्याच्यानं तर नसंल? अन् रात्री शेतातले मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते ते वेगळंच. कोणी दुसऱ्याले फिरवायला लावून, आपण न पाहता ऐकून पाहिलं आहे का? अजून एक, जुन्यावर टी 2 ए होतं म्हणजे 2 अँपिअरचा, हळू उडणारा, नव्यावर नुसतं 2 ए आहे, टी नाही. तो ठेवू का काढू, हे आधी सांगा.