स्कूबा डायव्हिंगची सहल कशी ठरवली? विदर्भातल्या गावांतून गेलेल्यांनी अनुभव लिहा

वरूड, जि. अमरावती

आमच्या वरूडहून कुठल्याही बाजूने निघा, समुद्र गाठायला रस्त्याने सातशे किलोमीटर तरी जावंच लागतं. स्कूबाचं मनात आलं तेव्हा विचारायला जवळपास कोणी नव्हतं. जी माहिती मिळाली ती शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघून सोमवारी कामावर हजर होणाऱ्यांसाठी होती. आपल्याला पीकपाणी बघून निघावं लागतं, तीन-चार दिवस नुसत्या प्रवासात जातात, आणि काही चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ असं होत नाही. म्हणून जे गेले त्यांनी लिहा. जागा कशी निवडली, कोणाला काय विचारलं, काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

सुरुवात मी करतो. माझी संत्र्याची बाग, आंबिया बहाराची. डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर असते, ओलित बंद. तेवढेच दिवस मला मोकळे. मालवणचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी जास्त नितळ. दोन्ही जुळलं म्हणून मालवण. अंदमानचा मोह होता, पण ताण सोडायच्या आत घरी पोचायचं होतं. बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, कोल्हापूरहून एसटीने घाट उतरलो.

निघण्याआधी चार-पाच ठिकाणी फोन केले. पाण्याखाली एका प्रशिक्षकाकडे किती माणसं? त्याचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, क्रमांक काय? होडीवर प्राणवायूचा संच आहे का? तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? एकाने सांगितलं, "फॉर्मबिर्म काही नाही, तुम्ही फक्त या." तिथे गेलो नाही. जिथे गेलो तिथल्या माणसाने उलट मलाच विचारलं: दमा आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास, आत्ता सर्दी? त्याच्या प्रश्नांवरूनच मी ठरवलं.

डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाच-सहा मीटर खोल. दोन मीटरच्या पुढे कान दुखू लागले. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं असतं, तेही दुखायच्या आधी, आणि थोडं खाली गेलं की पुन्हा. मी दुखेपर्यंत थांबलो. प्रशिक्षकाने मीटरभर वर आणलं तेव्हा कान सुटले. धाकट्या भावाला मात्र गाडीत सर्दी झाली होती, तो होडीतच बसून राहिला. एवढ्या लांब जाऊन त्याला उतरता आलं नाही, हे मला अजून लागतं. एक-दोन दिवस जास्तीचे ठेवले असते तर तोही उतरला असता.

आर्वी, जि. वर्धा

मी शिक्षिका. सुट्टी उन्हाळ्याची, आपल्या शाळा तर जूनअखेरीस उघडतात, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग केलं. तिथे पोचलो तर समुद्र खवळलेला, पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद झालेले. मेअखेर ते ऑगस्टअखेर हे दरवर्षीचं आहे. आगाऊ पैसे घेणाऱ्याला ते माहीत होतं, त्याने सांगितलं नाही. अर्धेच पैसे परत मिळाले. आता मी आधी समुद्राचं वेळापत्रक बघते, मग शाळेचं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो, पाणी अजून जरा गढूळ होतं, पण उतरता आलं. मुलगी नऊ वर्षांची, तिला नेलं नाही, दहा पूर्ण लागतात. तेव्हा ती फार रडली.

अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

आम्ही ढिवर. नवेगावबांधचं पाणी, गावच्या बोड्या म्हणजे लहान तळी, यांवरच घर चालत आलं. जाळं खोडात अडकलं की बुडी मारून सोडवायचं, हे मी दहाव्या वर्षापासून करतो. त्यामुळे स्कूबा मला सोपं जाईल याची खात्री होती.

भाऊ पोर्ट ब्लेअरला नोकरीला आहे, आता त्या शहराला श्री विजयपुरम म्हणतात. धान निघाल्यावर फेब्रुवारीत गेलो. अर्जुनीहून बल्लारशाह, तिथून चेन्नई, पुढे विमान, मग बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला. त्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात शिकवणाऱ्या ताईंनी मला तीनदा थांबवलं. माझे बुडबुडेच निघत नव्हते. डोकं पाण्याखाली गेलं की श्वास धरायचा, हे अंगात मुरलेलं. आणि स्कूबात तीच सगळ्यात मोठी चूक. सिलिंडरमध्ये प्राणवायू नसतो, आपली साधीच हवा दाबून भरलेली असते. जितकं खोल जाल तितक्या दाबाने ती छातीत येते. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट. तिथे छाती भरून श्वास धरला आणि तसाच वर आलो, तर ती हवा फुगून दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटू शकतं. बोडीत आम्ही वरची हवा घेऊन खाली जातो. ती खाली दबते, वर आली की होती तेवढी होते. म्हणून आमच्या बापजाद्यांना त्याने कधी काही झालं नाही. एवढी वर्षं पाण्यात काढून मला हे माहीत नव्हतं. सवय मोडायला दोन दिवस गेले. शेवटी ताईंनी तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लावलं. गुणगुणताना श्वास अडवता येत नाही.

जागांबद्दल. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं ऐकून मीही भारावलो होतो. त्या खोल जागा आहेत, प्रवाहही असतो, त्यांना पुढचा कोर्स हवा. मी नेमो रीफ आणि लाइटहाउसवर समाधान मानलं, आणि ते समाधान खरं होतं. तिथे बसून एका क्लाउनफिशच्या जोडीकडे मी इतका वेळ पाहिलं की हवा संपत आल्याची खूण ताईंनाच करावी लागली. माझा लाल सदरा खाली गेल्यावर मळकट राखाडी झाला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. काही प्रवाळ मेलेलं, पांढुरकं दिसलं. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथलं पुष्कळ प्रवाळ असंच गेलं. आमच्या बोड्या आटतात तेव्हा जसं वाटतं तसंच वाटलं. आईने आठवण म्हणून एक तुकडा आणायला सांगितलं होतं, आणला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलू नका.

परतीचं विमान आधीच काढलं असेल तर शेवटचा डाइव्ह त्यावरून ठरवा. खाली दाबाने घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो निघून जायच्या आत उंचावर, कमी दाबात गेलं तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर मध्ये १२ तास, अनेक असतील तर १८ तास तरी हवेत. मी पूर्ण दिवस रिकामा ठेवला.

दर्यापूर, जि. अमरावती

मी वावरातल्या इहिरीत पोहाले शिकलो, कमरेले वाळलेला भोपळा बांधून. म्हून पाण्याचं भेव नाही. खाली गेल्यावर इतकं बेस वाटलं का म्या आंगठा वर करून दाखवला. त्यानं मले सरळ वरतेच आनलं. पाण्याखाली आंगठा वर म्हंजे 'वर चला'. बरं हाय सांगाचं असन तं आंगठा अन् बाजूचं बोट जोडून गोल कराचा. अजून एक. मले दूरचा चष्मा हाय. नंबराचा मास्क भेटते, पन आंधीच सांगून ठेवा लागते. म्या सांगतलं नाही, अन् मासोया ठिपक्यावानीच दिसल्या.

चामोर्शी, जि. गडचिरोली

आमच्या भागातल्यांनी हे नक्की वाचा. मी सिकलसेल वाहक आहे, एएस. धाकटी बहीण एसएस, म्हणजे रुग्ण. दोघींनी मालवणचा बेत केला. फॉर्मवर सिकलसेल हे नाव नव्हतं, फक्त रक्ताच्या आजाराचा प्रश्न होता. तिथे "नाही" लिहून मोकळं होता आलं असतं. मी ते केलं नाही, आधी डॉक्टरांकडे गेले. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, दमछाक झाली किंवा प्राणवायू कमी पडला की रुग्णाच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बहिणीला स्कूबा नाहीच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तपासून, उथळ डाइव्हपुरतंच लिहून दिलं. वाहक आहात म्हणून माझा कागद तुम्हाला लागू होत नाही, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

बहीण होडीने किल्ल्यावर गेली. भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. मी बाहेर आले तेव्हा सांगायला तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होतं.

मेहकर, जि. बुलढाणा

आम्ही मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला गेलो. पाणी छान, पण होडीचाच प्रवास तास-दीड तासाचा. आम्हा कोरड्या मुलखातल्यांना तो झेपला नाही, चौघांपैकी दोघांना उलट्या झाल्या. होडी लागू नये म्हणूनची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यायला हवी होती, आम्ही समुद्रात गेल्यावर घेतली.

वरूडकर दादांना एक विचारायचं आहे. आता मालवणला जायचा विचार आहे. विमानाचं वर आलंच आहे, पण परतताना आपण घाट चढतो, त्याचं काय?

वरूड, जि. अमरावती

चांगलं विचारलंत, मीही हे तिथेच विचारलं. घाटमाथा सहा-सातशे मीटर उंच आहे, विमानाइतका नाही, तरी हवेचा दाब तिथे कमीच असतो. खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केले असतील तर लगेच घाट चढू नये. माझा एकच उथळ डाइव्ह होता, तरी प्रशिक्षकाने ती रात्र मालवणातच काढायला सांगितली. खोली एका दिवसाने वाढवून घेतली, सकाळच्या एसटीने निघालो. तुम्ही बुकिंग करतानाच ती एक रात्र धरा.