स्टेशनबाहेर थांबणारी गाडी आणि चढावर थांबलेली साखळी: काळजी करावी का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला रोलर कोस्टरचं वेड लागलंय आणि त्याच्या नादानं मलाही गोडी लागलीय. मागच्या आठवड्यात आम्ही एकाच कोस्टरवर तीनदा बसलो. त्यावर दोन गाड्या चालू होत्या. पहिल्या दोन्ही वेळा फेरी संपली, की आमची गाडी स्टेशनच्या अलीकडे ब्रेकवर थांबून राहायची. एकदा तर तीन-चार मिनिटं तशीच. समोर स्टेशनात दुसरी गाडी उभी, लोक बसताहेत, आणि आम्ही बाहेर लटकलेले.

तिसऱ्या वेळी तर चढावर, साखळी वर ओढत असताना, अर्ध्याच्या वर गेल्यावर गाडी थांबली. सगळं एकदम शांत. चारेक मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "साखळी तुटली असती तर उलटे खाली गेलो असतो." ते वाक्य डोक्यातून जात नाही. मुलगा म्हणतो, "आई, असं होतंच." पण का होतं ते त्याला सांगता येत नाही. हे बिघाड असतात का? त्याला पुन्हा बसू द्यावं का?

---

खटखट

सोनचाफाताई, मुलाचं म्हणणं बरोबर आहे. जरा लांबण लावतो, कारण तुम्ही विचारलेल्या दोन थांबण्यांमागची कारणं वेगवेगळी आहेत.

कोस्टरचा मार्ग तुकड्यांत वाटलेला असतो. एकेका तुकड्याला ब्लॉक म्हणतात. ही कल्पना रेल्वेचीच. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी अशी जागा पाहिजे, जिथे गाडी पूर्ण थांबवता येईल आणि तिथून पुन्हा सोडता येईल. अशा जागा मोजक्याच असतात: स्टेशन, साखळीचा चढ, मोठ्या कोस्टरवर मध्ये कुठेतरी ब्रेकचा एक सपाट पट्टा, आणि शेवटचे ब्रेक. उतारावर, लूपमध्ये, वळणांवर गाडीला धरणारं काही नसतं. माथा ओलांडला की ती गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. म्हणून पुढचा ब्लॉक रिकामा आहे अशी रुळाजवळच्या सेन्सरांनी ग्वाही दिल्याशिवाय कंट्रोल यंत्रणा मागच्या गाडीला सोडतच नाही.

शेवटच्या ब्रेकवर थांबलात, कारण पुढचा ब्लॉक म्हणजे स्टेशन, आणि तिथे गाडी होती. इतकंच. आम्ही याला गाड्या साचणं म्हणतो.

आता ती तीन-चार मिनिटं. समजा फेरीला १ मिनिट ५० सेकंद लागतात. तुमची गाडी सुटली आणि पाठोपाठ दुसरी स्टेशनात शिरली. तुम्ही फेरी मारून आलात आणि त्याखेरीज आणखी तीन-चार मिनिटं थांबलात. म्हणजे स्टेशनातली गाडी पाच-सहा मिनिटं हललेली नव्हती. रुळावर काही झालं नव्हतं, फलाटावर काहीतरी अडलं होतं. कुणाचा मांडीवरचा बार (माणसाला सीटवर धरून ठेवणारा दांडा) बसत नव्हता, कुणी उतरायचं ठरवलं, कुणाची बॅग राहिली, असं काहीतरी.

हा हिशेब मी कुठल्याही कोस्टरपुढे मांडतो. बाहेर पडायच्या वाटेशी उभा राहून स्टॉपवॉच लावतो. एका कोस्टरवर लागोपाठ दोन दिवस तासभर मोजलं होतं. गाडीत २४ जागा. पहिल्या दिवशी फलाटावर काम करणारी मंडळी सरासरी ९० सेकंदांनी गाडी सोडत होती: तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. दुसऱ्या दिवशी दुसरी मंडळी होती, १५० सेकंद लागत होते: २४ गाड्या, ५७६ माणसं. तोच रूळ, त्याच गाड्या, तेवढीच गर्दी. पहिल्या दिवशी रांग पाऊण तासाची असली, तर दुसऱ्या दिवशी तीच सव्वा तासाची. लोक रांगेतून उंच उताराकडे बघत राहतात. रांग किती वेगानं सरकणार हे ठरतं फलाटावर, तिथल्या चार-पाच माणसांच्या हातांत, आणि ते काम उत्तम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

चढावरचं थांबणं मात्र वेगळं वाटतंय. गाड्या दोनच होत्या. तुम्ही चढावर असताना तुमच्यामागचं स्टेशन रिकामं असणार, म्हणजे दुसरी गाडी शेवटच्या ब्रेकवरून सरळ आत गेली असणार. पुढे कोंडी व्हायला कारण नाही. तेव्हा एकतर एखाद्या सेन्सरची नोंद जुळली नाही, किंवा ऑपरेटरनं स्वतः साखळी थांबवली. दुसऱ्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चढावर कुणीतरी खिशातून फोन बाहेर काढणं. थांबण्याआधी किंवा नंतर स्पीकरवरून काही सांगितलं होतं का? आठवून बघा.

त्या गृहस्थांचं ऐकू नका. चढताना जो खट-खट-खट आवाज येतो (माझं इथलं नाव त्यावरूनच), तो साखळीचा नसतो. डब्याखाली एक खटका असतो आणि चढाच्या रुळांमध्ये करवतीसारखी दात्यांची पट्टी. गाडी वर जाते तसा खटका एकेका दात्यावरून सरकून पलीकडे पडतो. साखळी तुटली तर गाडी फार तर एका दात्याइतकी मागे येते आणि तिथेच अडकते. जॉन मिलर या अमेरिकन डिझायनरनं गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती रूढ केली. गाडीला रुळावरून उचलू न देणारी, रुळाच्या खालून धरणारी चाकंही त्याचीच. तुम्ही चार मिनिटं ज्यावर टेकून उभ्या होतात, तो हा खटका.

---

फलाटावरची

खटखट, 'फलाटावर काहीतरी अडलं' ते कसं अडतं हे मी सांगते. दोन हंगाम मी एका कोस्टरवर काम केलंय.

गाडी येते, बार उघडतात, माणसं उतरतात, फाटकं उघडतात, नवी माणसं बसतात. इथवर घाई करता येते. पुढे नाही. दोन्ही बाजूंनी एकेक जण चालत जातो आणि प्रत्येक बार हातानं तपासतो. आधी खाली दाबायचा, मग वर ओढायचा. नुसता हात लावून पुढे जायचं नाही. ओढताना बार हातात घट्ट लागला पाहिजे. पट्टा असेल तर तोही ओढून बघायचा. नजर मात्र माणसाच्या मांडीवर आणि पाठीवर: जाकीट मध्ये आलंय का, मूल पुढे सरकून बसलंय का, पाय कुठे आहेत. आपली बाजू झाली की पिवळ्या रेषेमागे यायचं आणि अंगठा वर करायचा. कंट्रोलवरचा माणूस दोन्ही अंगठे बघतो. आमच्याकडे मी माझ्या खांबावरचं बटण दाबून धरलं नसेल, तर त्यानं कितीही दाबलं तरी गाडी सुटायची नाही. त्याच्याकडेही दोन बटणं, दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे एक हात भलतीकडे असायला नको.

आमचा बार किमान किती खाली यायला हवा हे ठरलेलं होतं, आणि तेवढा आला नाही तर दिवा हिरवा होत नसे. एकदा एक चांगले धिप्पाड गृहस्थ मुलीला घेऊन बसले. बार थोडासाच कमी पडत होता. मी "श्वास सोडा" म्हटलं, दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. रांगेतून ओरडा सुरू झालेला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी गाडीशी गुडघ्यावर बसले, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये, आणि त्यांना सांगितलं की ही सीट तुम्हाला नीट धरत नाहीये, मी तुम्हाला सोडू शकत नाही. ते उतरायला तयार झाले. मुलगी एकटी बसायला तयार नव्हती, मग तिच्याशेजारी एकट्या आलेल्या एका बाईंना बसवलं. सहा मिनिटं गेली. मागे ब्रेकवर भरलेली गाडी उभी होती आणि तिच्यातल्या सगळ्यांना आमचा राग आला असणार. ती सहा मिनिटं आजही मी तशीच घालवीन.

---

वाटसरू

फलाटावर मोठं लाल बटण असतं ना? ते दाबलं की गाडी असेल तिथे थांबत असेल, मग एवढे ब्लॉक कशाला?

---

खटखट

वाटसरू, बटण दाबलं तरी उतारावरची गाडी थांबत नाही. साखळी थांबते आणि ब्रेक लागतात. आधीच माथा ओलांडलेली गाडी आपली फेरी करून पुढच्या ब्रेकवरच थांबणार. पुष्कळ ठिकाणी ब्रेकचे जबडे स्प्रिंगनं मिटलेले असतात आणि उघडे ठेवायला हवेचा दाब लागतो. वीज गेली, हवा गेली, तरी ब्रेक आपोआप मिटतात. हल्लीच्या कोस्टरवर चुंबकी ब्रेकही असतात. त्यांना वीजच लागत नाही, पण ते एकटे गाडीला पूर्ण थांबवू शकत नाहीत. वेग कमी झाला की त्यांची पकडही कमी होते. म्हणून शेवटचे काही मीटर जबडे किंवा रुळालगत बसवलेले टायर लागतात.

ब्लॉक कशाला, याचं उत्तर मी २ जून २०१५ च्या घटनेनं देतो. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सच्या 'द स्माइलर' या कोस्टरवर चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी पुढे मार्गात खोलगट जागी अडकून पडली. त्या दिवशी जोराचा वारा होता, आणि रिकामी गाडी हलकी असते, ती वाऱ्यात लवकर मंदावते. मागून १६ माणसांची गाडी येत होती. यंत्रणेनं तिला चढावर थांबवलं, अगदी तुमच्यासारखंच, सोनचाफाताई. यंत्रणा बरोबर होती. दुरुस्ती करणाऱ्यांना मात्र वाटलं की ती चुकीची सूचना देतेय, पुढे गाडी नाहीच. त्यांनी ब्लॉकचा थांबा डावलून गाडी पुढे सोडली. टक्कर झाली आणि दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. हे वाचल्यापासून चढावर गाडी थांबली की मी शांत बसतो आणि कुणीही घाई करू नये एवढंच मनात असतं. वैतागून खाली ओरडणारे शेजारी असले, तर त्यांनाही ही गोष्ट सांगतो.

---

सोनचाफा

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. मुलाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि हो, स्पीकरवरून आवाज आला होता! मला शब्द कळले नव्हते, पण मुलगा म्हणतो, "फोन आत ठेवा" असंच होतं. पुढच्या डब्यात एक जण हात उंच करून चित्रण करत होता, तेही त्याला आठवतंय.

त्याचा एक प्रश्न आहे. काही कोस्टरवर साखळी नसते, गाडी सपाटीवरून एकदम फेकली जाते. ती माथ्यापर्यंत पोचलीच नाही तर? तिथे खटखट करणारे दाते नाहीत.

---

खटखट

छान प्रश्न. तिथे गाडी खरंच मागे येते, आणि ते आराखड्यातच धरलेलं असतं. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट या पार्कमधला 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' (२००३ साली सुरू, उंची १२८ मीटर) आणि न्यू जर्सीतला 'किंगडा का' (२००५ साली सुरू, उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर, २०२४ मध्ये बंद झाला) या दोन्हींवर अधूनमधून असं व्हायचं. समोरून वारा, थंड हवा, किंवा फेकण्याचा जोर किंचित कमी पडला, की गाडी माथ्याजवळ जाऊन रेंगाळायची आणि आली तशी खाली. फेकण्याच्या पट्ट्यात ब्रेकच्या धातूच्या पात्यांच्या ओळी असतात. गाडी सुटताना त्या खाली बसलेल्या असतात आणि ती पुढे गेली की वर येतात. परतणारी गाडी त्यांत शिरते आणि डब्याखालच्या चुंबकांमुळे तिचा वेग उतरतो. त्यासाठी फेकण्याचा पट्टा मोकळा हवा, म्हणून आधीची गाडी माथा ओलांडून जाईपर्यंत पुढची तिथे आणतच नाहीत. पुन्हा ब्लॉकच.

मुलाला एक काम द्या. पुढच्या वेळी बसायच्या आधी शेवटच्या ब्रेकशेजारच्या कुंपणाशी दहा मिनिटं उभं राहायचं. स्टेशनातली गाडी सुटून चढावर लागली की ब्रेकमधून हवेचा 'फुस्स' आवाज येईल आणि मगच थांबलेली गाडी पुढे सरकेल. सुटणं, चढ, फुस्स, सरकणं. प्रत्येकाची वेळ लिहून आणली, तर त्या कोस्टरवर तासाला किती माणसं बसतात ते आपण इथेच काढू.

---

सोनचाफा

वही घेऊन ठेवलीय त्यानं. रकाने आखून झाले, एक रकाना जास्तीचा आहे: "का थांबली?" शनिवारी जातोय. पहिल्या डब्यात बसायचं म्हणतोय, आणि मी हो म्हटलंय.