मदत हवी आहे : १६१२ सालचा ‘दुसरा फिलिप’ नेमका कोणता?

कालरेषा : गोव्यातल्या किल्ल्यांची कालरेषा करते आहे. एका पुस्तकात आग्वाद १६१२ मध्ये ‘दुसऱ्या फिलिपच्या’ अमलात पुरा झाला असं आहे. पण दुसरा फिलिप तर १५९८ मध्येच वारला. साल चुकलंय की राजा? जाणकारांनी कृपया सांगावं.

दप्तरखाना : दोन्ही बरोबर आहे, फक्त मोजणी वेगळी. स्पेनमध्ये पहिला फिलिप म्हणजे कॅस्टिलच्या राणी हुआनाचा नवरा. तो १५०६ मध्ये काही महिने राजा होता आणि त्याच वर्षी वारला. पोर्तुगालच्या गादीवर मात्र त्याआधी या नावाचा कुणीच बसला नव्हता. १५८१ मध्ये पोर्तुगालमधल्या तोमार गावी भरलेल्या सभेने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला राजा मानलं, तेव्हा तिथे तो पहिला ठरला. पोर्तुगालचे कायदे आणि अधिकारपदं वेगळीच राहतील, असं त्याने तिथे कबूल केलं होतं. म्हणून गोव्याचा कारभारही लिस्बनच्याच मोजणीने चालला. चौल आणि वसईलाही हेच लागू.

पोर्तुगीज आकड्यात एक मिळवा, स्पॅनिश आकडा येतो :
पहिला, १५८१–१५९८ = स्पेनचा दुसरा
दुसरा, १५९८–१६२१ = स्पेनचा तिसरा
तिसरा, १६२१–१६४० = स्पेनचा चौथा

आग्वादचा राजा मधला. तुमचं पुस्तक पोर्तुगीज साधनांवरून लिहिलेलं असणार. तक्त्यात दोन्ही आकडे आणि देश लिहा, नुसतं ‘फिलिप दुसरा’ कधीच नको. इंग्रजी पुस्तकं बहुधा स्पॅनिश आकडाच देतात, आणि अनुवादात देशाचं नाव गळलं की हा घोळ होतो.

कालरेषा : आभार! आणखी एक. फेब्रुवारी १६४१ च्या गोव्यातल्या एका कागदावर तिसऱ्या फिलिपचं नाव आहे. पण १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमध्ये उठाव होऊन चौथा जुआंव राजा झाला ना? ही नक्कलकाराची चूक समजू?

मोसमी वारे : मुळीच नको, तो कागद अगदी योग्य आहे. लिस्बनचा ताफा मार्च-एप्रिलमध्ये निघायचा आणि सप्टेंबरच्या सुमारास मांडवीत यायचा. उठावाची बातमी गोव्यात पोचली सप्टेंबर १६४१ मध्ये. तोवर इथला प्रत्येक कारकून मनापासून फिलिपच्याच नावाने लिहीत होता. तसंच १५९८ चं. राजा १३ सप्टेंबरला वारला, त्यामुळे १५९९ च्या सुरुवातीच्या गोव्यातल्या कागदावर मेलेल्या राजाचं नाव दिसलं तर बिचकू नका. राजा ठरवताना कागद कुठे लिहिला ते आधी बघा, मग तारीख. अशा कागदाचं साल ‘दुरुस्त’ करणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण बातमी किती उशिरा आली याचा तो पुरावाच असतो.

दप्तरखाना : अगदी सहमत. आणि सहीवर विसंबू नका. स्पॅनिश पत्रांवर सही ‘यो एल रेय’, म्हणजे ‘मी राजा’, आणि पोर्तुगीज पत्रांवर नुसतं ‘रेय’. नाव नाही, आकडा नाही. सूचीत दिसणारा आकडा बहुतेक वेळा नंतरच्या सूचीकाराने घातलेला असतो. आरागॉनची (स्पेनच्या राजाचंच आणखी एक राज्य, बार्सेलोना त्यातलंच) मोजणीही वेगळी : स्पेनचा दुसरा फिलिप तिथेही पहिलाच. गोव्याच्या कामात ती लागणार नाही, पण बार्सेलोनाचा कागद हाती आला तर ध्यानात असू द्या.

कालरेषा : तक्त्यात ‘कागद कुठला’ असा नवा रकाना घातला. १६४१ ची नोंद आहे तशीच ठेवते.