रोज ॲस्पिरिन? आधी हे वाचा

ॲस्पिरिनने आतड्याचा कर्करोग टळतो, मग सगळ्यांनीच रोज एक गोळी का घेऊ नये, असं एकाने विचारलंय. कृपा करून तसं करू नका. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ जॉन बर्न यांनी हे तपासलं, त्या चाचणीतले ८६१ जण लिंच सिंड्रोमचे, म्हणजे जन्मतःच या कर्करोगाचा आनुवंशिक धोका घेऊन आलेले. त्यातल्या साधारण निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, आणि फरक दिसला तो काही वर्षांनी. ही गोळी कॉक्स एन्झाइम अडवते, म्हणजे सूज आणणारे आणि जठराचं अस्तर जपणारे पदार्थ शरीरात बनवणारं एन्झाइम. सूज उतरते, पण जठराच्या अस्तराचं संरक्षणही जातं. फोंड्याला आमचे बाबा कुळागरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, आले की गुडघ्यासाठी अशाच जातीची गोळी घ्यायचे, कोणाला न विचारता. एका सकाळी शौच डांबरासारखं काळं, ओठ पांढरेफटक. पोटात रक्तस्राव झाला होता, रक्त चढवावं लागलं. घरात दोघा-तिघांना आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मात्र डॉक्टरांकडे आनुवंशिक तपासणीचा विषय जरूर काढा.