जात्याला 'टाकी लावणे': ठेवू की काढू?

तळटीप: हाताने फिरवायच्या जात्याच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतेय. घरी धान्य आणि मका दळायचा, बाजूला दांडा, आत दगड. दगड झिजून गुळगुळीत झाले की छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचे, असं एक वाक्य आहे. मी लिहिलं, 'दगडांना टाकी लावून घ्यावी.' संपादकांचा शेरा आला: 'पाण्याची जोडणी आधी कुठेच आलेली नाही, तपासा.' आता टाकी ठेवू की 'दगड पुन्हा खरखरीत करावेत' असं सपक लिहू?

सुपातला: टाकीच ठेवा. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीतला देव संपादकांच्या मते प्लंबरने घडवलेला दिसतो.

खडूस वाचक: म्हण पाठ असणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. ज्याने पाथरवट कधी पाहिलाच नाही, तो खरंच नळ जोडायला जाईल.

जुनं दळण: आमच्या आईची परीक्षा सोपी होती. पीठ हाताला गरम लागलं आणि दाणे फुटायच्या ऐवजी नुसते चपटे होऊन बाहेर यायला लागले, की टाकी लावायची वेळ झाली. टाकी लावल्यावर पहिल्या दोन मुठी दळून फेकून द्यायच्या, कारण पिठात दगडाची कच उतरते. आम्ही पोरं ते फेकायचं पीठ मुद्दाम चाखायचो आणि दिवसभर दात कचकचत बसायचो. ताई, ही सूचना पुस्तिकेत आहे ना?

तळटीप: आहे, पण मी 'दगडाचे सूक्ष्म कण' लिहिलं होतं! 'कच' घेते. आभार.

शुद्धपक्ष: मुळात याला जातं म्हणणंच चूक. जात्याला खुंटा असतो, दांडा नव्हे. ही चक्की.

सुपातला: चक्की हिंदीतून आलेली. शुद्धपक्षाने तरी असं म्हणू नये.

शुद्धपक्ष: चक्की चक्रावरून, चक्र आपलंच. आणि जातं आलं 'यंत्र'वरून: यंत्र, जंत, जांतें, जातें. म्हणजे कुणी 'जात्याचं यंत्र' लिहिलं तर एकच शब्द दोनदा.

जुनं दळण: मी समजत होतो, गोल गोल जातं म्हणून जातं.

खडूस वाचक: मग परत येतं त्याला काय म्हणायचं?

सुपातला: 'घरट' विसरलात सगळे. संस्कृत घरट्ट. भरडायला घरट, दळायला जातं.

तळटीप: बरं झालं विषय निघाला. मक्यासाठी दोन टप्पे दिलेत: आधी दगडांत अंतर ठेवून दाणे फोडायचे, मग दगड आवळून बारीक करायचे. एकदम बारीक करायला गेलं तर दांडा अडतो. पहिल्याला 'भरडणे' म्हणू?

शुद्धपक्ष: भरडणं डाळीसाठी. मका दोनदा दळायचा.

जुनं दळण: अहो, 'भरड' हा शब्द कशातून आला मग? जाडसर काढलं ते भरडलं, डाळ असो की मका. आणि दाणे घालण्याला 'टाकणे' लिहू नका, 'वैरणे' लिहा. मूठमूठ वैरायचं, सगळं एकदम ओतायचं नाही.

खडूस वाचक: वैरण म्हणजे गुरांचा चारा. आता पुस्तिकेत गायसुद्धा येणार.

सुपातला: आधण आलं की तांदूळ वैरतातच की! तुमच्या घरी काय करतात, फेकतात?

खडूस वाचक: आमच्या घरी कुकर लावतात.

नवखा: मध्येच विचारतो, आमच्या हातचक्कीत दगड नाहीत, लोखंडी चकत्या आहेत. त्यांनाही टाकी लावायची का?

जुनं दळण: नाही, त्या झिजल्या की बदलायच्या. आणि मका पूर्ण वाळलेला घ्या. ओलसर असला की चिकटून बसतो, मग सगळं उघडून खरवडावं लागतं.

तळटीप: पुस्तिका उद्या द्यायची आहे हो. टाकीचं काय करू?

शुद्धपक्ष: कोणती टाकी? हां, ती. त्याआधी एक सांगा, 'टाकी लावणे' की 'टाके घालणे'? माझी आजी दुसरं म्हणायची.