मदत हवी आहे: गंजिफाच्या रेखाटनांवरून कापडाचं डिझाइन

टेक्स्टाइल डिझाइन शिकते आहे. प्रकल्पाचा विषय सावंतवाडीच्या राजवाड्यातली दशावतारी गंजिफा, म्हणजे दहा अवतारांचे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यावरून रोटरी स्क्रीनवर (छपाईच्या फिरत्या, जाळीदार नळीवर) छापायचं सुती कापड आणि हातमागाच्या साडीसाठी एक बुट्टा करायचा आहे. रेखाटनं भरपूर झाली, पण कापडावर मांडली की पत्ते चिकटवल्यासारखे दिसतात आणि लांबून आडव्या रांगाच डोळ्यात भरतात. बुट्ट्याचं वर्तुळ ग्राफवर गोल होतं, विणल्यावर उभट झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा राजवाड्यात जाणार आहे. या वेळी काय काढून आणू?

प्रतिसाद १
राजा आणि वजीर तूर्त बाजूला ठेवा. १२० पानांच्या संचात प्रत्येक अवताराची १२ पानं, त्यातली १० आकड्यांची. एकच चिन्ह एकदा, दोनदा, असं करत दहा वेळा त्याच गोलात बसवलेलं असतं. कापड करणाऱ्याला याहून चांगला धडा नाही! एकच अवतार निवडा, मत्स्याचा मासा किंवा परशुरामाचा परशू. कोकणासाठी मी परशूच घेईन. वहीत ६ सेंमीची दहा वर्तुळं आधीच आखून न्या. चिन्ह न काढता त्याची जागा आणि दिशा दाखवणारी नुसती रेघ मारा, मग उरलेली मोकळी जागा पेन्सिलीने गडद करा. त्यानंतर चिन्हाचं एकच मोठं रेखाटन: कुंचल्याची रेघ कुठे फुगते, कुठे निमुळती होते ते नीट बघून.

काचपेटीजवळ पेन्सिलच वापरा, ओले रंग नकोत. फोटोची परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद आणि एका कोपऱ्यात कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे दिव्याचा पिवळेपणा नंतर काढता येतो. लाखेच्या थरानेही पांढरा रंग पिवळसर दिसतो. तो मात्र काढू नका, पानाची ऊब त्यातच आहे.

प्रतिसाद २
छपाईपुरतं सांगतो. पत्ता दिसतो तो वर्तुळाच्या कडेमुळे. कड पुसा, आतली मांडणी राहू द्या. नेहमीच्या रोटरी स्क्रीनचा घेर ६४ सेंमी असतो, म्हणून उभं रिपीट (नमुना जिथून पुन्हा सुरू होतो ते अंतर) ६४ ला पूर्ण भागणारं हवं: ३२, १६ किंवा ८. तुमचा गोल ८ सेंमीचा धरला तर रांगांच्या मध्यांत ८ सेंमी आणि एका रांगेतल्या गोलांच्या मध्यांत ९.२४ सेंमी ठेवा. दुसरी रांग ४.६२ सेंमी सरकवा. मग प्रत्येक गोलाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर येतात, फट सगळीकडे १.२४ सेंमी, आणि दोन रांगांचं रिपीट बरोबर १६ सेंमी होतं. आडव्या पट्ट्या दिसतात त्या रांगांमधली फट गोलांमधल्या फटीपेक्षा मोठी राहिल्यामुळे. किमान ३ × ३ रिपीट जोडून, भिंतीला लावून, डोळे किलकिले करून बघा.

प्रतिसाद ३
बुट्टा उभट झाला कारण ताणे (उभे धागे) बाण्यांपेक्षा (आडव्या धाग्यांपेक्षा) दाट आहेत. समजा इंचाला ७२ ताणे आणि ६० बाणे. १ इंचाच्या गोलाला ग्राफवर ७२ घरं आडवी आणि ६० उभी लागतील. चौकोनी घरांच्या कागदावर तो आडवा पसरट दिसेल, कापडावर गोल येईल. मोजणी मागावर ताणलेल्या कापडावर करू नका. कापड उतरल्यावर सैल पडून बाणे जवळ येतात, म्हणून उतरलेल्या नमुन्यावर मोजा. बुट्ट्यासाठी घातलेल्या जादा बाण्याची उडी (न विणता वरून मोकळा जाणारा भाग) ५ मिमीपेक्षा, म्हणजे इथे १४ ताण्यांपेक्षा, लांब ठेवू नका, नाहीतर बांगडीत अडकते. परशूचा दांडा एका ताण्याचा काढलात तर दिसणारच नाही, निदान तीन घ्या.

धागाकर्ती
खूप आभार! अंतरं लगेच आखून बघते. सगळे परशू एकाच दिशेला ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद २
पडद्याला चालेल. कुर्त्याच्या कापडाला नको: सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड जास्त लागतं. एका रांगेतले परशू वर तोंड करून, पुढच्या रांगेतले खाली तोंड करून ठेवा. रिपीट १६ सेंमीच राहील.